खालचा कुणगा

अनशी भुवडने माती आणली
साखरेच्या रिकाम्या पिशवीत, वर सुतळीची गाठ.
"वरच्या कुणग्याची नाय हां. तो गप पिकतो.
ही खालच्याची. तो रुसतो."

मी लिहिलं : रंग तांबडा. सामू पाच पूर्णांक एक.
एकूण स्फुरद भरपूर, उपलब्ध जवळजवळ नाही.
"म्हंजे घरात हाय नि ताटात नाय," ती म्हणाली.

तसंच.
जांभ्याचं लोखंड स्फुरद मुठीत धरून बसतं.
चिखल झाला, पाणी पंधरा दिवस हललं नाही
की मूठ सैल पडते, मुळांना काही मिळू लागतं.
पण सुटलेलं लोखंडही मग मोकळंच फिरतं,
मुळांवर गंज चढवतं,
पानांच्या टोकापासून तपकिरी ठिपके खाली उतरतात.

ती बोटं मोजत होती.
परवा साली युरिया दोन गोणी :
भात माणसाच्या छातीएवढं, काळंभोर,
नि पोटरीत असतानाच आडवं. झोडलं तर पळिंज.
गेल्या साली सोसायटीतलं डीएपी :
स्फुरद वाढला, जस्त मागे सरलं,
खालची पानं विटकरी.
"एकाला जेवायला वाढलं की दुसरा उठून जातो,
असली कसली पंगत?"

मी विचारलं, राबाची राख कुठे जाते?
"दाढीत. उरली तर भांड्यांना."
म्हटलं, भांडी मातीने घासा यंदा.
पालाश मिळाला तर मूळ लोखंडाला थोडं तरी अडवतं.

आणि श्रावणात तीन दिवस बांध फोडा,
साचलेलं जाऊ द्या, जमिनीला वारा लागू द्या.

इथे ती थांबली.
खाली इब्राहिम मुकादमांची खार जमीन, पलीकडे खाडी.
त्यांच्या भाताला मीठ पालाश घेऊ देत नाही,
गोडं पाणी वरून आलं तर मीठ धुतलं जातं.
ते दर श्रावणात हाक मारायचे.
तीन वर्षं हाक नाही.
कशावरून, ते तिने सांगितलं नाही,
मी कार्डावर तसा रकानाही नव्हता.

"त्येंना विचारूक लागंल," ती स्वतःशीच म्हणाली,
"कुठला दिवस बरा. भरती बघून."

कार्ड तिने घडी घालून कमरेच्या चंचीत कोंबलं, पानाच्या देठांसोबत.
दारातून परत वळली.
"बाय, तपासून उरली ती माती दे.
शेतातली हाय. शेतात जाईल."