चेंडू कोणाकडे

सुरुवात एका चुकीपासून.
तळवलीच्या भोईरांच्या हळदीचे फोटो,
बँजोपुढे सतरा काका, पिवळे, घामट,
एक तर बादली डोक्यावर घेऊन नाचतोय,
मी पाठवले सेक्टर अकराच्या नायरबाईंना,
ज्यांच्या नातीचं बारसं होतं.
अर्ध्या तासानं त्यांचं उत्तर:
'फोटो छान आहेत. पण यात बाळ दिसत नाही.'

त्या रात्री कोपरखैरण्याच्या दुकानात
शटर अर्धं ओढून
मी दोनशे पानी वही काढली.
नाव, समारंभ, आगाऊ, बाकी,
आणि शेवटचा रकाना: चेंडू कोणाकडे.
म्हणजे आता बोलायची पाळी कोणाची,
माझी की त्यांची.

जयदास हसला. 'ताई, फोनमध्ये लेबलं असतात, रंगीत.'
मग लेबलंही लावली.
तयार उत्तरं भरून ठेवली.
एक दाबलं की नमस्कार,
दोन दाबलं की दरपत्रक,
तीन दाबलं की 'निवडलेल्या फोटोंचे फक्त नंबर कळवावेत,
स्क्रीनशॉट पाठवू नयेत.'
लोक स्क्रीनशॉट पाठवतात,
त्यावर बोटानं लाल गोल काढून.

घणसोली गावातल्या सुंदरआत्या
लिहीत नाहीतच, बोलून पाठवतात.
कुकरच्या तीन शिट्ट्या होतात,
कोणाला तरी मीठ कमी घालायला सांगून होतं,
मग मुद्दा: 'फोटू कवा देशील गो?'
वहीत नोंद: आत्यांना फोनच करणे,
मालिका सुरू व्हायच्या आत.

'मुलीला जरा उजळ करा,'
हे महिन्यातून चारदा येतं.
त्याला तयार उत्तर ठेवलेलं नाही.
दर वेळी नव्यानं लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते.
चहा निवतो.

आणि निकेश–ऋतिका.
फाल्गुनातलं लग्न, वहीत एकच ओळ,
अल्बमची मांडणी पूर्ण, चेंडू त्यांच्याकडे.
तिसरं दाबून दाबून मी थकले.
श्रावणात निकेशचा मेसेज:
'अल्बम नको. बाकी पाठवतोय. फाईल काढून टाका.'
बाकी आली, पै न पै.
मी पट्टी घेतली आणि
त्या ओळीच्या मधोमध रेघ मारली.
अर्ध्या इंचाच्या रकान्यात आता दोन माणसं.
फाईल काढायचं मात्र
उद्यावर ढकलत राहिले.

अकरा दिवसांनी, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी,
नव्या नंबरवरून:
'ताई, ऋतिका. चारशे बारा आहे का अजून?
तेवढा एकच.'

चारशे बारा जयदासनं काढलेला,
लाईट तपासताना, चुकून.
जनरेटरच्या गाडीमागे तिचे वडील,
फेटा मांडीवर काढून ठेवलेला,
लाकडी चमच्यानं कपातलं आईस्क्रीम खाताहेत,
एकटेच, शाळा सुटल्यासारखे.
मी त्यावर 'बाद' अशी खूण केली होती.

मूळ आकारात पाठवला.
'किती झाले?' तिनं विचारलं.
या प्रश्नाला दोन दाबायचं असतं.
मी हातानं लिहिलं, 'काही नाही.'
दोन निळ्या खुणा उमटल्या.
मग कोणीच काही बोललं नाही.

सकाळी जयदास वही चाळत म्हणाला,
'हा रकाना मोकळा राहिलाय.'
राहू दे, म्हटलं.

फोन उघडला. न वाचलेले सदतीस.
सगळ्यात वर नायरबाई:
'ते हळदीचे फोटो आहेत का अजून?
आमच्या मिस्टरांना तो बादलीवाला फार आवडला.
आजारी आहेत, हसले बऱ्याच दिवसांनी.'

जयदास विचारतो, 'याला कुठलं लेबल?'
मी वही ओढून घेते.
नायर. समारंभ: कोणताच नाही.
भोईरांना विचारणे.
चेंडू माझ्याकडे.