विहीर क्रमांक नऊ

माळ पेटला तेव्हा मी विहिरीत टेप सोडत होते.
आधी वास आला, मग भुर्रकन लावे, मग धूर,
मार्डीच्या रस्त्यापलीकडून.
टेपाचं टोक पाण्याला टेकलं: सात मीटर वीस.
वहीत लिहिलं, आणि निरगुडीचा फाटा मोडून पळाले.

रात्रभर झोडपत होतो,
वनमजूर शिवलिंग, मी, आणि मेंढरं सोडून आलेला बिराप्पा.
पवन्या गेला, मारवेल गेला, कुसळी तर फटाक्यासारखी.
पहाटे बिराप्पाच्या एका हाताचे केस करपलेले.
म्हणाला, गवताचं काय, पुन्ना फुटतंय.
जाळल्याबिगर कवळं येत न्हाई, आमचा बाप म्हनायचा.
म्हणाला, आणि गप्प झाला.
काडी कुणी ओढली, मी विचारलं नाही.

मृगानं हूल दिली. पुनर्वसूत पडला.
माळावर गेले बघायला.
थेंब राखेवर गोळे होऊन बसलेले,
तव्यावर नाचतात तसे, तवा मात्र गार.
बोट खुपसलं: इंचभर खाली फुफाटा.
वर पावसाळा, खाली उन्हाळा,
आणि मध्ये एक पापुद्रा.
भूजलचे साहेब म्हणाले, गवतातलं मेण आहे,
जळताना खाली उतरतं, मातीच्या कणाकणाला चिकटतं.
म्हणजे गवतानं जाताना
दार लावून घेतलं होतं.

पाणी थांबलंच नाही.
चहाच्या रंगाचं, धावत सुटलं उताराला.
अर्ध्या तासात पाझर तलाव तुडुंब.
गावानं नारळ फोडला, पोरांनी उड्या टाकल्या,
काळीभोर होऊन वर आली.
तळाशी राखेचा गाळ, सारवल्यासारखा.
नाव पाझर, पण पाझरेना.

भाद्रपदात टेप सोडला.
दरसाल तीन, साडेतीन.
यंदा सहा नव्वद.
पुन्हा सोडला. सहा नव्वद.
'शेरा' म्हणून एक रकाना असतो वहीत,
बोटाएवढा. त्यात काय काय मावणार?
पहाटे दवही नव्हतं;
कुठल्या पात्यावर बसणार होतं ते?

परतताना बिराप्पा दिसला,
जळक्या पट्ट्यात, घोंगडी मांडीवर.
गेल्या सालची कुसळं एकेक उपटून टाकत होता.
वर बघितलं नाही त्यानं.
भुरभुर चालू होती.
एक कुसळ ओलं झालं, पिळा उलगडू लागला,
गिरमिटासारखं, सावकाश,
टोक मातीत.

मी उकिडवी बसून राहिले
किती तरी वेळ, वही भिजेपर्यंत.