ओला अभ्रा

किंमत कमी होती, म्हणजे काहीतरी होतं.
वागोने फोनवरच विचारलं, छप्पर? पाणी? कागदपत्रं?
सगळं ठीक, ताकुही म्हणाली, फक्त
शेजारी सेरोबचा कारखाना आहे.
कसला, ते तिने सांगितलं नाही.
ग्युम्रीत सगळ्यांना माहीत आहे कसला.

दोन खोल्या, काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती,
मागे तुतीचं झाड, आणि कुंपणापलीकडे
थडग्यांचे तीसेक दगड, उभे, कोरे,
ज्यांच्याखाली कुणी नाही.
पुढच्या रांगेत नमुना: हिरकणीच्या टोकाने
ठिपका ठिपका करून काढलेली, केस मागे बांधलेली बाई,
जी कधी कुणी नव्हती,
थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत बघणारी.

वागो म्हणाला, अजून पाच लाख द्राम उतरवू.
मी म्हणाले, थांब.

लोक घर बघायला जातात. मी ऐकायला गेले.
सोमवारी सकाळी ग्राइंडर. दाताच्या मुळाशी लागणारा आवाज.
बुधवारी दुपारी ग्राइंडर, मध्येच रेडिओ, मध्येच शिव्या.
शुक्रवारी काळ्या कपड्यांत कुणी आलं
आणि आवाज बंद झाला
आणि ते अधिक वाईट होतं.

शनिवारी एक अभ्रा ओला करून
तुतीच्या फांदीवर वाळत घातला,
ताकुहीच्या पायरीवर बसून दोन तास कॉफी प्यायले.
काढला तेव्हा तो गिरणीतून आल्यासारखा.
झटकला. धूळ गेली नाही. बोटाने त्यावर
माझं नाव लिहिता आलं असतं.
लिहिलं नाही.

सेरोब कुंपणाशी आला, भुवयांवर दगडाचं पीठ.
"सहाला बंद करतो. थंडीत पाचला.
जानेवारीत दगडच तडकतो, तेव्हा मीही बंद."
त्या बाईचं तोंड फिरवता येईल का, मी विचारलं.
"चार माणसं लागतील. पण तिच्या पाठीवर
नवा पोरगा आला की मी अक्षरं गिरवून घेतो.
रोज चुका वाचाल. बघा, काय परवडतं."

आम्ही राहतो तो पत्र्याचा डबा,
भूकंपानंतर सहा महिन्यांसाठी मिळालेला, मी दहा वर्षांची असताना.
त्या सहा महिन्यांना छत्तीस हिवाळे झाले.
वागो त्यातच आला नवरा होऊन, नाझेली त्यातच रांगली.
रात्री पत्र्यावर गारा पडतात तेव्हा आम्ही बोलत नाही,
बोललं तरी ऐकू येत नाही.
मग आवाजाचे नखरे मी कुणापुढे करतेय?

हे वागोला सांगितलं. दुसरं सांगितलं नाही:
त्या डिसेंबरात शवपेट्या रस्त्यावर रचलेल्या होत्या
आणि दगड कोरायला माणूस मिळत नव्हता.
माझ्या बहिणीपाशी लोखंडी पाटी आहे, रंगाने लिहिलेली.
गंज चढला की बाबा तिचं नाव पुन्हा काढायचे.
आता मी काढते. ब्रश जाड आहे,
अक्षर दरवेळी थोडं सुजतं.

रविवारी पुन्हा गेलो. पैशांचा विषय निघाला,
ताकुही घसा खाकरत राहिली.
मी पायरीखाली हात घातला, ओल बघायला.
बोटांना अक्षरं लागली.
"चुकलेला दगड," ती म्हणाली, "सेरोबच्या बापाच्या हातचा.
आडनावात एक अक्षर कमी, म्हणून फुकट मिळाला.
चाळीस वर्षं आम्ही त्यावर बूट पुसतोय,
अजून कुणी तक्रार केलेली नाही."
वागो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

घरी येऊन त्याने नाझेलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला:
खिडक्यांना दुहेरी काच, इतके.
कुंपणाला उंच फळ्या, इतके.
कपडे घरात वाळवायचे, शून्य.
एक ओळ मोकळी सोडून पेन माझ्याकडे दिलं.

मी लिहिलं: दगड, एक, छोटा.
सेरोब शेजाऱ्याला किती लावतो, विचारायचं.