उणे अकरा

मरोळला, तिसऱ्या मजल्यावर, जिथे खिडकी म्हणजे
समोरच्या इमारतीच्या एसींची पाठ,
मी लोकांच्या वेळा जुळवून देतो.
घड्याळजी नाही. भिंग नाही, चिमटा नाही.
कानाला हेडफोन, पुढ्यात एक तक्ता:
टोकनचा नंबर, नाव, शाखा,
शेवटच्या रकान्यात फरक, पावलांत.
तीस सेकंदांचं एक पाऊल.

टोकन म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यातली करडी डबी,
कायमची चिकटवून बंद केलेली.
आत तांदळाच्या कणीएवढा स्फटिक थरथरतो
आणि दर तीस सेकंदांनी सहा आकडे बदलतात.
इकडे सर्व्हरकडेही तेच गणित.
जुळलं की दार उघडतं.
पण स्फटिक तापला तरी मागे पडतो,
गारठला तरी मागेच.
दिवसाला एखादा सेकंद. कोण बघतंय?

सर्व्हर बघतो.
रोज येणाऱ्याचा उशीर तो गुपचूप टिपतो,
उद्या तेवढा धरून चालतो.
जे येतच नाहीत
त्यांचा साचत जातो.

आज दुपारी ठाकूरद्वार शाखा.
"मी कोठारे. माझे आकडे खोटे म्हणतंय हे."
"खोटे नाहीत मॅडम. जुने आहेत.
शेवटचं कधी वापरलंत?"
"गेल्या वर्षी. गणपती झाल्यावर."
अकरा महिने.
कारणाचा रकाना माझ्या तक्त्यात नाही.

"आत्ता दिसतोय तो आकडा सांगा."
"चार शून्य नऊ, सात सात एक."
"आता बदलेपर्यंत थांबू. लगेचचा पुढचा हवा."

फोनवर अर्धा मिनिट म्हणजे
फार मोठी, रिकामी खोली.
मागे नोटा मोजायचं मशीन फरफरलं, थांबलं.
कुणी विचारलं, "बाई, चहा झाकून ठेवू?"
मग त्या म्हणाल्या, मला की डबीला, कळलं नाही:
"ड्रॉवरमध्येच होतं हो, यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली.
वाटलेलं, आठवड्यात परत रुजू होईन.
रात्री गोळी काढायला उघडायचे,
तर हे आपलं आकडे बदलतंय.
कुणी विचारत नसलं तरी."

मी 'हं' म्हणालो.
'हं'चाही रकाना नाही.

"बदलला. दोन दोन सहा, शून्य पाच आठ."

सर्व्हर मागे मागे गेला, पायरी चाचपत,
अंधाऱ्या जिन्यात पडलेली किल्ली शोधावी तसा,
आणि अकराव्या पावलावर
दोन्ही आकडे शेजारी शेजारी सापडले.
एखादा आकडा योगायोगानेही जुळतो.
लागोपाठ दोन जुळले की मानायचं,
माणूस तोच.

"झालं. आता चालेल."
"म्हणजे घड्याळ बरोबर केलंत?"
इथे 'हो' म्हणून फोन ठेवायचा,
आमच्या तांडेलसाहेबांचा नियम.
"नाही मॅडम. ते उघडत नाही, आतलं बदलत नाही.
तुमचं साडेपाच मिनिटं मागे आहे, ते मागेच राहणार.
आम्ही फक्त लिहून ठेवलं.
यापुढे तेवढं धरून तुमची वाट बघू."

पुन्हा ती खोली. या वेळी थोडी लहान.

"आमचे मामंजी गोदीत होते," त्या म्हणाल्या,
"सांगायचे, पूर्वी मुंबईची वेळच निराळी होती,
बाकी देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे.
भेटायचं ठरलं की आधी विचारायचं,
तुमच्या घड्याळाने, की आमच्या?"
आणि हसल्या, घसा न खाकरता हसायची सवय
मोडलेल्या माणसासारख्या.
"साडेपाच म्हणजे मग काहीच नाही की."

मी भरलं: कोठारे मृणालिनी, ठाकूरद्वार, उणे अकरा.
मग कांदिवली, मग माझगाव,
मग मुलाने टोकन चक्क डाळीत टाकलेला एक मॅनेजर.

सुटताना उगाच त्यांची ओळ उघडली.
चार वाजून सात मिनिटांनी आल्या होत्या.
चार छप्पन्नला पुन्हा.
दोन्ही वेळा उणे अकरा.
दार उघडलं होतं.