चौथं टिंब

रस्ता रुंद झाला त्या साली
आमचं दुकान आधी अरुंद झालं
आणि मग पुसलंच गेलं.
भाता वाचला, ऐरण वाचली,
जेसीबीनं पाटी तेवढी नेली:
विश्वंभर पांचाळ, खुरपी विळे अडकित्ते, जिंतूर.
त्यातलं 'जिंतूर' नालीच्या कडेला
बरेच दिवस पालथं पडून होतं.

अप्पा आता गावाबाहेर बसतात,
टायरवाल्या इरफानभाईंच्या शेडमागं.
गिऱ्हाईक मात्र जुन्याच जागी जातं,
तिथल्या मोबाईलच्या दुकानात विचारतं.
पोरगा मान वर न करता सांगतो,
'ते? बंद झालं की ते.'
आपण गेल्याची बातमी
आपल्याच कानावर यावी
तसं ऐकलंय हे आम्ही, कितीदा तरी.

मधे एका मोठ्या ऑनलाइन बाजारात
खुरपी ठेवून पाहिली.
शंभरामागं त्यांनी जेवढं कापलं
तेवढी धार अप्पांनीही कधी लावली नव्हती.
तिथं खुरप्याचं नाव होतं
'बागकाम अवजार, लोखंडी, नग एक'.
शेजारी तसलंच दुसरं, पत्र्याचं,
सात रुपयांनी स्वस्त.
घेणारं माणूस कुठलं, खुरपं हाताला बसलं का,
कळायला वाटच नव्हती.
अप्पा म्हणाले, 'ह्यो बाजार न्हाई, माय.
बाजारात माणूस परत येऊन शिव्या तरी देतंय.'

म्हणून मी वेबसाइट करायला घेतली.
नाव अप्पांचंच.
वर्षाचं भाडं ऐकून त्यांनी विचारलं,
'जागा किती फूट?'
फूट नसतात, म्हणाले.
'मग नगरपालिका मोजणार कशी?'
मोजणारच नाही.
पाटी गेल्यापासून तेव्हा पहिल्यांदा हसले.

खुरप्याचा फोटो पोत्यावर ठेवून काढला,
मुठीपाशी आज्यानं पाडायला घेतलेली
तीन टिंबं दिसतील असा.
खाली नकाशा, त्यावर शेडमागं एक लाल टिंब.
'हे चौथं कुणी पाडलं?'
मी, म्हणाले.
किमती लिहिताना मात्र गाडी अडली:
'वळखीच्याला कमी करतो मी.
ते कुठं लिव्हायलीस?'
त्याला रकाना नव्हता.
अजून नाही.

'आमच्याविषयी' चार दिवस कोरं राहिलं.
पन्नास वर्षांत हे त्यांना
कुणी विचारलंच नव्हतं.
एका रात्री भाकरी मोडता मोडता म्हणाले, 'लिही.
लोखंडाला पाणी द्यायचं बापानं शिकवलं.
डावऱ्या माणसाला येगळा विळा करून देतो,
पैसे तेवढेच.
घाई आसंल तर दुसरीकडं बघा.'
शेवटचं नको ना अप्पा.
'तेच पहिलं लिही.'

दोन महिने काही नाही.
एक जण भंगार घेता का विचारून गेला.
मग भूमजवळच्या एका वाडीवरून
नातवाकडून लिहून घेतलेला निरोप:
'मी डावरी हाय. तीस सुग्या
उजव्या हाताचा विळा उलटा धरून काढल्या.
लोक हसायचे. खरंच करता का?
घाई न्हाई.
सुशीलाबाई.'

अप्पांनी तीनदा वाचायला लावलं.
'तिला म्हण, कागदावर हात ठेव
आन् भवती रेघ ओढून पाठव.'

कॅलेंडरच्या पानामागं ओढलेला हात आला,
पेनाची रेघ करंगळीपाशी थरथरलेली.
स्क्रीनवरचा तो हात
अप्पा टिचभर दोरीनं मोजू लागले.
असं नाही होत अप्पा,
इथं लहानमोठं करता येतं.
'मग खरा केवढा ते इचार.'

रात्री नऊला भाता सुरू झाला.
इरफानभाई शटर ओढता ओढता थांबले,
'अब कायकू, पांचाळ?'
अप्पांनी निखाऱ्यातून नजर काढली नाही.
'गिऱ्हाईक आलंय की.'

इरफानभाईंनी शेडमधे वाकून पाहिलं.
आम्ही दोघंच होतो.