पंधरा पूर्णांक दोन

नेरूळच्या शाळेत, सभागृहाच्या दारावर
चिकटपट्टीने डकवलेली यादी:
पट सतरा. पांढरी मोहरी मी, सोळाशे अठ्ठेचाळीस.
काळी, स्वरदा मढवी, चौदाशे अठ्ठेचाळीस.
वय लिहिलेलं नव्हतं.
खुर्चीवर दोन दप्तरं रचून ती बसली होती,
हनुवटी पटाच्या वर यावी म्हणून.

माझी नोकरी वजनमापांची.
एकतीस वर्षं वाशीच्या मार्केटात
कांदा-बटाट्याच्या गाळ्यांतून काटे तपासतो.
खरा निघाला तर शिक्का, खोटा निघाला तर पंचनामा.
म्हणून मानांकन मला पहिल्याच दिवशी कळलं,
क्लबात इतरांनाही समजावत बसायचो:
काट्याला कांदा कळत नाही,
नाशिकचा की लोणंदचा, भिजका की सुका.
त्याला कळतो तो फरक,
या पारड्याचा आणि त्या पारड्याचा.
आकडाही तसाच. एकटा असला की काहीच नसतो,
समोर कुणी येऊन बसावं लागतं.

दोनशेचा फरक, म्हणजे
शंभर डावांत शहात्तर गुण माझे,
पहिलं प्यादं हलायच्या आधीच
माझ्या नावावर मांडून ठेवलेले.
जिंकलो तर चार पूर्णांक आठ मिळणार, चहापुरते.
बरोबरी झाली तरी पदरचे पाच जाणार, वर चिल्लर.
हरलो तर?
तो हिशेब मी केला नव्हता.

एकोणिसाव्या चालीला तिने उंट दिला.
पोरगी चुकली, म्हटलं.
उंट घेतला, डबीशेजारी नीट उभा केला.
तिने पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही,
आणि घोडा अशा घरात नेला
जिकडे माझं लक्ष तिसाव्या चालीपर्यंत जाणार नव्हतं.
चौतिसाव्याला मी घड्याळ थांबवलं.
तिचा हात छोटा, ओलसर, बोटांवर शाई.

बाहेर जिन्यात तिच्या आईने डबा उघडला होता,
तांदळाची भाकर, सुका जवळा.
"काका, तुमचे किती गेले?"
पंधरा पूर्णांक दोन.
"मला तीस पूर्णांक चार. सरांनी काढून दिले."
मी सांगितलं, लहानांचा गुणक चाळीस, माझा वीस.
तुम्ही भराभर वाढता,
म्हणून तुमचा काटा हलका ठेवतात, लगेच झुकणारा.
आमचे गंजून एका जागी बसलेत, असं धरून चालतात.
"खा गो आदी," आई म्हणाली.
ती खाता खाता थांबली.
"तुमचे पंधरा माझ्याकडे आले.
मग वरचे पंधरा कुणाचे?"

एकतीस वर्षांत एखाद्या गाळ्यावर
एका पारड्यातून काढलेलं
दुसऱ्यात दुप्पट भरलेलं दिसलं असतं,
तर काटा जप्त करून मी कोर्टात उभा राहिलो असतो.
इथे निकालाच्या चिठ्ठीवर
शून्य-एक लिहून सही करून आलो.

सोमवारी एक व्यापारी अजिजीने म्हणाला,
साहेब, काटा बरोबर आहे,
कांदाच वाळून हलका झालाय.
पेटीतून पितळी पाच किलो काढून ठेवलं.
काटा खरंच बरोबर होता.

एक तारखेला नवी यादी लागेल.
पुढच्या स्पर्धेसाठी ऐरोलीहून फोन आला,
मानांकन विचारलं.
सोळाशे अठ्ठेचाळीस, मी म्हणालो.
महिनाअखेरपर्यंत
तो आकडा कायद्याने माझाच आहे.