चारशे बारा

मोवईदऱ्याच्या बर्डीखाली, मोहाच्या सावलीत
नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चार दगड.
दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर.
म्हणजे आत्ता तुडवून आलो ती पांदण
माझ्या करंगळीच्या पेराएवढी,
आणि जैतूबुवा सुरपामांच्या घामेजल्या बंडीला
मापच नाही.

मी सांगायला लागले, शाळेत सांगतात तसं :
ह्या तपकिरी रेषा उंचीच्या.
एकीवरून चालत राहिलं तर चढ नाही, उतार नाही.
रेषा दाटल्या की कडा,
पांगल्या की पठार.
इथं रेषेचं टोक डोंगरात घुसलंय, ही घळ.
इथं बाहेर आलंय, ही सोंड.

जैतूबुवा उकिडवे बसले. खर्रा घोटायचा राहिला.
बोट रेषेवरून हळूहळू फिरलं
आणि पत्रकाच्या काठाशी थांबलं.
"हे कोणाचे ढोरं व्हय वं बाई?"

मला कळलं नाही.

त्यांनी काठीनं समोर दाखवलं.
बर्डीच्या अंगावर, वाळल्या कुसळीतून
आडव्या, एकाखाली एक, खुरांच्या वाटा.
मी सकाळपासून बघत होते. दिसल्या आत्ता.
"ढोर सरळ चढते काय कधी?
आडवं चालते, चरत चरत, बर्डीच्या कमरेले धरून.
ह्या माह्या बापाच्या ढोरायनं काढल्या.
मंग माह्या.
तुमच्यावाल्या कोणी काढल्या?"

समासात बारीक अक्षरांत छापलं होतं :
पाहणी, एकोणीसशे सत्तर-एकाहत्तर.
वाचलं, तर म्हातारा खुदकन हसला.

"तंबू इथंच होता, ह्याच मोहापाशी.
तीन पायाची दुर्बीण. मी दहा वर्साचा असन.
साहेब म्हणे, वर जा, झेंडी धरून उभा राय, हालू नको.
नाही हाललो. मुंगळे चढले पायावर, तरी नाही.
आठ आणे देतो म्हणे होते.
दुसऱ्या दिशी पायतो तं तंबूच नाही."

नकाशात, बर्डीच्या माथ्यावर
एक छोटा त्रिकोण. पोटात टिंब.
शेजारी आकडा : ४१२.
मी बोट ठेवलं. इथं उभे होते तुम्ही.

बराच वेळ ते त्या टिंबाकडे बघत राहिले.
मग अगदी गंभीरपणे :
"चारशे बारात माही उची धरली, का सोडली?"

सोडली असणार, मी म्हणाले.
"सोडतीनच," ते म्हणाले, आणि खर्रा घोटायला लागले.

दुपारभर नाला चढलो.
नकाशातला निळा रंग
गुडघाभर वाळूत संपला होता.
बांधासाठी मी आखलेल्या जागी त्यांनी काठी रोवली,
ती हातभर आत गेली.
"हा मुरूम. चाळणीत पाणी साठवता काय?"
वर, उंबराच्या वळणाशी, काठी टणकन वाजली.
फाल्गुनात तिथं ढोरांचे खूर ओले होतात म्हणे.
मी पेन्सिलची खूण खोडली,
दोन बोटं वर काढली.
कागद तेवढ्यापुरता काळपट झाला.

निघताना नकाशा त्यांनीच आवरला.
माझ्या घड्या सोडून
बर्डीच्या माथ्यावरून, सोंडेसोंडेनं
एक वाकडी घडी पाडली, नखानं दाबून :
"ह्या अंगाचं पाणी आमच्या गावाले.
त्या अंगाचं त्यायले."

हापिसात आता तो पत्रक
कुठल्याच फाईलीत नीट बसत नाही.
उघडला की आधी ती वाकडी घडी उठते,
टेबलावर बोटभर डोंगर.
तळहातानं दाबते मी.
हात काढला की
पुन्हा उभा.